तासाची पहिली पाच मिनिटं

पहिल्याच भेटीत त्या माणसानं मला चाळीस मिनिटं तोंड बंद करून बसवलं. त्याबद्दल मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

मी भोंगा दुरुस्तीला घेऊन गेले होते. आमच्या संघटनेकडे एकच भोंगा. तो मोर्चाच्या गडबडीत रस्त्यावर आपटला आणि तेव्हापासून घोषणा दिली की त्यातून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज येई. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं अरुंद दुकान होतं. म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणत. मी आत शिरले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. "चाचा, याचा आवाज फाटून राह्यला," मी म्हटलं. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हातानं स्टूल दाखवलं आणि कानाशी धरलेला रेडिओ ऐकत राहिले. त्या रेडिओवर ना गाणं होतं ना बातम्या. नुसती खरखर. माझ्यामागून एक माणूस मिक्सर घेऊन आला, कागदावर नाव लिहिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्याला सवय असावी. मला नव्हती. आमच्यात गप्प बसणं म्हणजे अन्यायाला साथ देणं.

बरोबर बारा वाजता त्यांनी रेडिओ खाली ठेवला. "हं, बोल. पाच मिनिट आहेत."

हे वेड कुठून आलं ते मला पुढे कळलं. चाचा तरुणपणी वायुदलात रेडिओचे मिस्त्री होते. विमानाच्या शेपटीत नारिंगी रंगाचा एक डबा बसवलेला असतो. विमान आपटलं की हा डबा आपोआप ओरडायला लागतो, वर उपग्रहाकडे आणि आसपासच्या रेडिओंकडे. तो चालतो का ते तपासायचं तर त्याला थोडं ओरडायला लावावं लागतं, आणि ही चाचणी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच करायची असा रिवाज आहे. त्या पाच मिनिटांत आवाज आला तर ऐकणारा समजतो, कोणीतरी तपासून पाहतोय. सहाव्या मिनिटाला आला तर समजायचं, खरंच कोणी पडलंय.

चाचांनी हा रिवाज विमानातून दुकानात आणला होता आणि दुकानातून सगळ्या आयुष्यात. पाच मिनिटं बोलायचं, पंचावन्न मिनिटं ऐकायचं. "सरक", "पंखा लाव", "चहा सांग" एवढं चालायचं. कामाचं बोलणं मात्र तासाच्या तोंडावरच. घरी हा कायदा लागू नव्हता. चाचींनी मला एकदा सांगितलं, "घरात असं केलं असतं तं भुके राह्यले असते."

भोंगा त्यांनी तीन मिनिटांत नीट केला. उरलेल्या दोन मिनिटांत माझ्या पिशवीतलं पत्रक ओढून घेतलं. 'जंगलाच्या लेकरांवर घोर अन्याय, आता सहन करणार नाही' असा त्याचा मथळा होता. मीच लिहिला होता आणि मला तो आवडत होता. चाचांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि 'अन्याय' या शब्दाखाली रेघ मारून लिहिलं: कुठी?

"अख्ख्या जिल्ह्यात," मी म्हटलं.

"अख्खा जिल्हा म्हणजे कुठीच नाई." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "ओरडता येते तुले. फेफडे मजबूत आहेत. पण नुसतं वाचवा वाचवा म्हणून ओरडली, अन् कुठी आहो ते नाई सांगितलं, तं येणारा काय करन? अर्धा जंगल हिंडन, घरी जाऊन जेवन." मग पाच मिनिटं संपली आणि माझं तोंडात आलेलं उत्तर तोंडातच राहिलं.

मला पत्रक लिहायला शिकवणाऱ्यांनी क्रम घालून दिला होता. आधी संताप, मग मागणी, शेवटी 'अन्यथा'. गावाचं नाव, तारीख, गट क्रमांक हे तलाठ्याचं काम. आणि हा बोळातला रेडिओवाला मला लिहायला शिकवत होता. मी जाताना भोंगा मुद्दाम दुकानाच्या दारात चालू करून पाहिला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. चाचांनी दचकून रेडिओ उचलला. मला फार बरं वाटलं.

त्यांचे नमुने किती सांगावेत. दोन्ही मनगटांवर घड्याळं, डाव्यावर इथली वेळ, उजव्यावर विमानवाले जगभर पाळतात ती. "पाचला येजो" म्हटलं की कोणत्या हाताचे पाच ते विचारून घ्यावं लागे. कोणी म्हटलं की "बाजारात भेटू", तर "कुठी?" कोणी म्हटलं की "पोटात दुखून राह्यलं", तर "कुठी?" गणपतीच्या दिवसांत एक पुढारी दुकानात येऊन म्हणाला, "चाचा, आम्ही तुमच्या पाठीशी आहो." चाचांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कुठी?" तो माणूस परत आला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे शंभर अपराध पोटात घालायला तयार आहे.

पोराच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी हॉलच्या पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश छापून घेतले. पत्ता चुकतो, म्हणे, आकडा चुकत नाही. छापखान्यानं दोन आकडे चुकवले. हैदराबादहून आलेले दोन मामू फोनवर ते आकडे टाकून निघाले आणि माजरीच्या कोळसा खाणीजवळच्या मातीच्या ढिगाऱ्याशी शेरवानी घालून उभे राहिले. वरात निघून गेल्यावर ते पोचले. एवढा गोंधळ झाल्यावर शहाणा माणूस काय शिकेल? चाचा शिकले की छापखान्याचा कागद एकदा वाचून मगच सही करावी.

या माणसाशी माझा संबंध भोंग्यापुरताच राहिला असता. पण माझी धाकटी बहीण विमान शिकत होती.

आम्ही अहेरीच्या पुढच्या गावातले. बसमधून उतरलं की दीड तास पायी. घरात धान, मोहा, तेंदूपत्ता. तिथली पोरगी सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकते ही बातमी गावात पोचली तेव्हा आमच्या आईनं फक्त विचारलं, "त्याले उतरवता येते न तिले?" शाळा खासगी होती. मूल गावाच्या रस्त्याला, जंगलाला लागून, कधीकाळी एका बड्या कंत्राटदारानं स्वतःसाठी आखलेली धावपट्टी, तीन जुनी दोन माणसांची विमानं आणि पांढरे बूट घालणारा एक संचालक. या संचालकाला दोनच वाक्यं येत. पालकांसमोर, "सेफ्टी आमचा श्वास आहे." मिस्त्रीसमोर, "नियमात आहे का?" आठवड्यातले तीन दिवस चाचा तिथे विमानांचे रेडिओ पाहायला जात.

बहिणीचं शेवटचं मोठं काम उरलं होतं, एकटीनं लांब पल्ल्याचं उड्डाण. दोन दुसऱ्या धावपट्ट्यांवर उतरून परत यायचं, मधला बहुतेक रस्ता जंगलावरून. ते एकतीस मार्चच्या आत झालं नाही तर शिष्यवृत्ती बंद, असं शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाचं पत्र होतं. पत्रात कारणं ऐकली जाणार नाहीत असंही होतं. शिष्यवृत्ती बंद म्हणजे पोरगी गावात परत. दुसरा कोणता रस्ता आमच्याकडे नव्हता.

आणि ऐन मार्चमध्ये चाचांनी तिचं विमान उघडून ठेवलं.

तीन विमानांपैकी एकाचं इंजिन उतरवलेलं, दुसरं नवख्या पोरांना गुंतलेलं. तिचं तिसरं. त्याच्या शेपटीत नारिंगी डबा होता, समोर जीपीएसही होता. पण दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. म्हणजे विमान पडलं तर डबा ओरडणार, पण कुठून ओरडतोय ते त्याला स्वतःलाच माहीत नसणार. उपग्रहानं वरून अंदाज बांधायचा. जीपीएसची वायर डब्याला जोडली तर तो ओरडतानाच जागा सांगतो. चाचांनी वर्षाची तपासणी करताना हे जोडकाम वहीत लिहून घेतलं, मंजुरीचा कागदही मागवून ठेवला. आणि विमानाच्या वहीत एकदा काम उघडलं की ते पूर्ण होऊन सही पडेपर्यंत विमान हलत नाही. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी लिहिलं होतं.

बारा दिवस विमान उभं. मी धावपट्टीवर भांडायला गेले. मुद्दाम पावणेदहाला गेले, म्हणजे म्हातारा तयारीत असेल. चाचा शेडमध्ये पत्र्याच्या पेटीवर बसून होते. दहा वाजले.

"चाचा, सही करून टाका न. पोरीचं वर्ष जाऊन राह्यलं."

"काम झालं नाई. वायर टाकली. मधात एक छोटा दुभाष्या लागते. जीपीएस एक बोली बोलते, डबा दुसरी ऐकते. तो दुभाष्या साहेब मागवून नाई राह्यला."

"नियमात आहे का हे?"

"नाई," चाचा शांतपणे म्हणाले. "डबा पायजे, डबा ओरडला पायजे, एवढं आहे. या जुन्या विमानाले पुढचं नाई लिहून."

"मंग?"

"मंग मी लिहून टाकलं."

माझा तोल गेला. मी त्यांना म्हटलं, ज्या जिल्ह्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो तिथे तुम्हाला विमानाच्या वायरीचं पडलंय. ही श्रीमंतांची काळजी आहे.

"खाटीवर नेते तवा माहीत असते न ती बाई कुठी आहे," चाचा म्हणाले. "खांदा देणारे चार जण असते. इच्या खाटीले कोण आहे? आयक. मी नौकरीत होतो तवा एक विमान पडलं. इथी नाई, लांब, डोंगरात. डबा ओरडून राह्यला होता. साहेबानं नकाशावर गोल काढला, हा एवढा. आम्ही रेडिओ खांद्यावर घेऊन त्या गोलात फिरलो. डोंगरात आवाज असा घुमते बेटा, का इकडून आला वाटते अन् असते तिकडे. चौथ्या दिवशी..."

दहा वाजून पाच मिनिटं झाली. त्यांनी तोंड मिटलं आणि रेडिओ कानाला लावला.

असा माणूस कोणी पाहिलाय का? मी पंचावन्न मिनिटं त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले. बहिणीनं चहा आणून दिला. "अक्का, तू बी लागली का पाच मिनिटाले?" ती हसून म्हणाली. तिला ते सगळं चालत होतं. ती त्यांच्याकडून डबा उघडायला शिकली होती आणि चाचा तिला कॅप्टन म्हणत.

अकरा वाजले. चाचांनी वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं. "...चौथ्या दिवशी सापडलं. डोंगराच्या दुसऱ्या आंगाले. पायलटनं पंखाच्या पत्र्यावर तारखा कोरल्या होत्या. तीन तारखा. पहिला रोज आम्ही रस्त्यातच होतो. म्हणजे दोन रोज आम्ही याच आंगाले जेवण बनवून खाल्लं, अन् तो तिकडं जिता होता." मग घड्याळ पाहिलं. अजून तीन मिनिटं होती. ती त्यांनी वापरली नाहीत.

मी विरघळायला हवं होतं. मी नाही विरघळले. मला ते भावनिक ब्लॅकमेल वाटलं, आणि भावनिक ब्लॅकमेल ही आमची मक्तेदारी होती. मी खोलीवर येऊन पत्रक लिहिलं. 'एका वायरीसाठी आदिवासी मुलीचं आकाश अडवलं. म्हाताऱ्या तंत्रज्ञाची मनमानी. हे कोणाच्या इशाऱ्यावर?' बस स्टँडवर वाटलं, कचेरीसमोर वाटलं, फोटो काढून गटागटांत पाठवलं. कोणाच्या इशाऱ्यावर हे मला माहीत नव्हतं. असं वाक्य पत्रकात टाकायचं असतं म्हणून टाकलं. जागा रिकामी सोडली होती.

ती लोकांनी भरली. संध्याकाळपर्यंत पत्रकाखाली चाचांचा धर्म जोडून ते मोबाइलवर फिरत होतं. मी न लिहिलेली चार वाक्यं माझ्या पाच वाक्यांना चिकटली होती आणि वाचणाऱ्याला सांधा दिसत नव्हता. दोन दिवस दुकानाचं शटर बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा शटरवर खडूनं काहीतरी लिहिलेलं चाची ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं आणि वळले. हे मी इथे लिहिते आहे कारण त्या दिवशी कुठंच लिहिलं नाही.

पांढऱ्या बुटांच्या संचालकाला माझं पत्रक म्हणजे प्रसाद मिळाला. त्यानं ते काचेखाली लावलं, जनभावनेचा आदर म्हणून चाचांना धावपट्टीवर येऊ नका सांगितलं, आणि बारा दिवस न मागवलेला दुभाष्या डबा दोन दिवसांत मागवला. नागपूरहून एक मिस्त्री आला. कानात गाणी लावून दोन तासांत त्यानं जोडकाम संपवलं. हिरवा दिवा लागला. सही पडली. तीस मार्च. बहिणीचं उड्डाण एकतीसला सकाळी.

मी तिला निरोप द्यायला गेले. फुलांचा हारही नेला होता, फोटोसाठी. ती विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट हात लावून पाहत होती. मग विमानाची वही मागितली. संचालक म्हणाला, "सगळं ओके आहे, बेटा, सही आहे." तिनं सहीवर बोट ठेवून पान उलटलं. मागे चाचणीचा कागद टाचलेला होता. चाचणीचं यंत्र डब्याचा आवाज ऐकून त्यात काय काय आहे ते छापतं. विमानाचा नंबर, देश, जागा. तिनं तो कागद वरून खालपर्यंत वाचला. हे काम त्या अख्ख्या शाळेत त्या दिवसापर्यंत कोणीच केलं नव्हतं. मिस्त्रीनं टाचला होता, संचालकानं पाहिला होता, शिक्षकानं सही केली होती.

"सर, जागा रिकामी आहे," ती म्हणाली.

"कोणती जागा?"

"हे पाहा. अक्षांश, रेषा. रेखांश, रेषा. डबा ओरडून राह्यला, कुठी आहे ते नाई सांगत."

"वायर जोडली आहे न. दिवा लागते. आणि नियमात ते लागतच नाही."

"मंग वहीत जोडलं म्हणून काऊन लिहिलं?"

संचालकानं माझ्याकडे पाहिलं. मी, लोकांच्या बाजूनं लढणारी, काय म्हणाले? मी म्हटलं, "जाऊन ये न बाई. आज एकतीस आहे. हे विमान रोज उडते, अजून कधी पडलं का?"

ती माझ्याकडे वळली. तिच्या कानावर चाचांच्या जुन्या हेडफोनची एक बाजू होती. "अक्का," ती म्हणाली, "तू तं मले पत्रकावानी बोलून राह्यली." आणि वही बंद करून विमानाच्या पायरीवर बसली. "मी नाई जात."

एकतीस मार्च तिथे बसूनच गेला. हार मी परत आणला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग एका सकाळी कार्यालयाच्या नावानं नवं पत्रक लिहिलं, भयंकर जळजळीत, आणि ते पिशवीत घालून चाचांच्या दुकानात गेले. साडेनऊ वाजले होते. मी स्टुलावर बसले. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं नाही. मीच गप्प होते. दहाच्या ठोक्याला मी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं. पत्रक लिहायला नको होतं. लोकांनी जे जोडलं ते बी माझ्याचमुळे जोडलं. मले माफ करा."

चाचांनी घड्याळ पाहिलं. "दहा वाजून एक मिनिट. हा टेस्टिंगचा टाइम आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बस."

मी बसले. चार मिनिटं ते एका ट्रान्झिस्टरच्या बटणाची स्प्रिंग शोधत राहिले. काटा पाच मिनिटांच्या पुढे सरकला. दहा वाजून सहा मिनिटांनी त्यांनी रेडिओ उचलला नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. "हं. आता म्हण."

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सोपं गेलं होतं. दुसऱ्यांदा जमेना. शब्द तेच होते, तेवढेच होते. ते ऐकत होते. आत पडद्यामागे चाचींच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. मी म्हटलं कसंतरी.

"ठीक आहे," चाचा म्हणाले. त्यानंतर कधी तो विषय काढला नाही.

माझ्या नव्या पत्रकावर त्यांनी अकरा ठिकाणी 'कुठी?' लिहिलं. बाराव्या ठिकाणी पेन्सिलीचं टोक मोडलं. मग त्यांनी आणि बहिणीनं मला समजावलं. जीपीएस भरभर बोलत होता आणि डबा हळू ऐकणारा होता. बोलण्याचा वेग दोन्हीकडे सारखा लावायचा असतो, नागपूरच्या मिस्त्रीनं तो लावला नव्हता. त्यामुळे वायर जोडलेली, दिवा हिरवा आणि डब्याच्या कानात नुसता गोंगाट. मी सगळं टिपून घेतलं. 'घोर', 'जळजळीत', 'अन्यथा' सगळं गेलं. एका पानाचा अर्ज उरला. विमानाचा नंबर. वहीचं पान. कामाची तारीख. कोणत्या ओळीत काय रिकामं आहे. सही कोणाची आहे. मुलीनं उड्डाण का नाकारलं. मुदत किती हवी. मागे त्या कागदाची प्रत. खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून दिल्लीतल्या विमान खात्याचं नाव.

इतका बेचव कागद मी आयुष्यात लिहिला नव्हता. कार्यालयातल्या साहेबानं माझी आधीची नऊ निवेदनं न वाचता शिक्का मारून ठेवली होती. हा त्यानं उभ्यानं वाचला. "हे नेमकं काय झालं ते पहिल्यांदा कोणी सांगितलं," तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांची मुदत लिहून दिली. याच कार्यालयाचं पत्र कारणं ऐकली जाणार नाहीत असं म्हणालं होतं. म्हणजे कारण ऐकायचं असतं, फक्त आम्ही कारणाऐवजी आवाज पाठवत होतो. साहेबाला मी याचं श्रेय देणार नाही. वाचणं ही त्याची नोकरी आहे.

संचालकानं प्रतीच्या यादीत दिल्ली पाहिली आणि पांढरे बूट घालून स्वतः बोळात आला. चाचांना गाडीत बसवून घेऊन गेला. चाचांनी वेग सारखा लावायला चार मिनिटं घेतली, अर्थातच तासाच्या ठोक्याला सुरुवात करून. पुन्हा चाचणी. कागद आला. जागेच्या दोन ओळी भरलेल्या होत्या. ते आकडे चाचांनी बोटानं नकाशावर नेले आणि बोट बरोबर आम्ही उभे होतो त्या शेडवर टेकलं. पुढच्या आठवड्यात दारावर पाटी लागली, 'सुरक्षा ही आमची परंपरा.' चाचांनी खाली पेन्सिलीनं एक शब्द लिहिला. कोणता ते सांगायला नको.

बहीण उड्डाणाला गेली त्या सकाळी मी शेडमध्ये होते. हार नेला नव्हता. परतीचा पल्ला जंगलावरून होता, साधारण साडेदहा ते साडेअकरा. संचालक ऑफिसात चहा पीत होता. चाचा पत्र्याच्या पेटीवर, रेडिओ मांडीवर. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर.

अकरा वाजले. रेडिओत कुठून तरी लांबून पीं पीं असा बारीक आवाज आला. मी अर्धी उठले. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं. अकरा वाजून दोन मिनिटं. दुसरीकडे कोणी मिस्त्री आपला डबा तपासत होता. आवाज तीनदा आला आणि बंद झाला.

अकरा वाजून पाच. चाचांनी आवाज पूर्ण वाढवला.

अकरा वाजून सहा. त्यांनी रेडिओ माझ्या कानाशी धरला. आत खरखर होती, दुसरं काही नाही. शेडच्या बाहेर सागाची वाळलेली पानं धावपट्टीवर घसरत होती.

"आयक," चाचा हळूच म्हणाले. आपला नियम मोडून म्हणाले. "काईच नाई आहे."

मी ऐकत बसले.